थर्मोस्टॅटवरचं कुंकू

बॉथेल,
नोव्हेंबर २००६

प्रिय आई,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, खोटं कशाला बोलू? तुम्ही होतात तेव्हा आपण सासू-सुना एकमेकींना प्रिय वगैरे नव्हतो. तुम्ही नागपूरच्या, मी पुण्याची, आणि मध्ये तुमचा एकुलता एक मंदार. पण काल दुकानात जे पाहिलं, त्यानंतर मला गप्प बसवत नाही. म्हणून सईला झोपवून भर दुपारी लिहायला बसले आहे. सई म्हणजे तुमची नात. तुम्हाला कुठून माहीत असणार!

काल आम्ही थर्मोस्टॅट आणायला गेलो होतो. भिंतीवरची ती डबी, घर किती गरम ठेवायचं ते जिच्यावर ठरतं. तुम्ही गेल्यापासून आम्ही फर्नेस, म्हणजे घर तापवणारी ती गॅसची भट्टी, लावलीच नव्हती. दोन हिवाळे खोल्याखोल्यांत विजेचे हीटर ठेवून काढले. आता सई चालायला लागली आहे आणि नेमकी हीटरकडेच धावते, म्हणून गेल्या आठवड्यात नवी फर्नेस बसवून घेतली. थर्मोस्टॅट तेवढा तुमच्या पसंतीने आणा, असं बसवणारा माणूस म्हणाला.

दुकानात तीच रांग, तीच फळी. आणि फळीवर तोच, एका दांडीचा, मोठ्या आकड्यांचा. मंदारने तो पाहिला आणि दोन्ही हात खिशात घातले. "तू निवड, मेधा. मी हात लावणार नाही."

तेवढ्यात शेजारच्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी त्याला विचारलं, "Is this one easy to put in?" मंदार मागे सरकला. मग सईची बाबागाडी तिथेच सोडून दुकानाबाहेर निघून गेला. मी सईला घेऊन धावत गेले, तर हा गाडीत बसलेला, स्टिअरिंग घट्ट धरून. म्हणाला, "मी आईला मारलं, यार. माझ्या हातांनी मारलं."

आई, तसं नाही हो! आणि तसं नाही हे या जगात फक्त मला माहीत आहे.

तुम्ही आलात तेव्हा गुडघ्यांना जिने नकोत म्हणून तुम्हाला खालच्या मजल्यावरची खोली दिली. शेजारीच फर्नेसची खोली, कपाटाएवढी. तेव्हाचा थर्मोस्टॅट फार शहाणा होता. आधीच्या मालकाने त्यात वेळापत्रक भरून ठेवलं होतं. सकाळी नऊ वाजले की घर रिकामं झालं असं तो धरून चालायचा आणि हीट उतरवायचा. घरात एक माणूस मागे राहतं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याही लक्षात आलं नाही.

दोन आठवडे तुम्ही दोन स्वेटर आणि मंदारचे लोकरी मोजे घालून बसून राहिलात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "थंडी वाजून राहिली गं, पण म्हटलं, इथे अशीच राहत असतील माणसं." मला हसू आलं होतं. शेचाळीस डिग्रीत आयुष्य काढलेल्या बाईला कुठलीही हवा गारच लागणार, असं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलंही. कसं सुचत होतं मला तेव्हा?

मग आपण तिघं थर्मोस्टॅट निवडायला गेलो. मंदारला सात दिवसांची सात वेळापत्रकं असलेला हवा होता. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "बापा! एवढी बटणं काहून? मला एक दांडी दे. वर केली की गरम, खाली केली की थंड." दुकानात हसलो आपण तिघंही. तुमच्याबरोबर मी मनापासून हसल्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून तो पक्का लक्षात आहे.

शनिवारी सकाळी मंदारने तो बसवला. आधी मेन स्विच पाडला, जुनी डबी काढली, आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा तुकडा लावून वर अक्षर लिहिलं. टॉर्च धरायला तुम्ही.

"आई, टॉर्च हलवू नकोस ना, मला वायर दिसत नाहीये!"

"अरे, हातच थंडीने हलून राहिला माझा, मी काय करू?"

मी मागे चहाचे कप घेऊन उभी होते. लाल वायर लालच्या जागी गेली, पांढरी पांढरीच्या. त्याने दोनदा तपासलं, मग स्क्रू पिळले, स्विच चढवला. तुम्ही दांडी वर केलीत, 'टक्' आवाज आला आणि शेजारच्या खोलीत फर्नेस पेटली. तुम्हाला केवढा आनंद! देवापुढची कुंकवाची डबी आणलीत, दसऱ्याला मशीनला लावतो तसं थर्मोस्टॅटला बोट लावलंत, मंदारच्या हातावर साखर ठेवलीत.

मी काय म्हणाले ते आठवतं? "आई, प्लास्टिकवर डाग राहील हं." राहिलाच. आत्ता तो भिंतीवरून काढलेला थर्मोस्टॅट माझ्यासमोर आहे आणि ते कुंकू अजून पुसलं गेलेलं नाही.

खोली गरम झाली, पण तुमची तक्रार संपेना. पायाला गार वारा लागतो! तो येत होता फर्नेसच्या खोलीतून. तिथे खाली भिंतीत बाहेर उघडणारी एक जाळी होती. फर्नेसला जळायला हवा लागते, ती त्या जाळीतून यायची. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आपल्या दोघींच्या दृष्टीने ते घराला पडलेलं एक भोक होतं. आणि भोक दिसलं की त्यात चिंधी कोंबायची, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, मलाही नाही. माझी आई मोरीच्या खिडकीला हेच करायची.

तुम्ही तुमची जुनी पोपटी साडी फाडलीत, घड्या घातल्यात आणि जाळीत बसवलीत. मी धुणं घ्यायला खाली आले तेव्हा मला ती दिसली. बरं झालं, म्हटलं, आता वाऱ्याचं पुराण तरी बंद होईल. आणि वर निघून आले.

त्यानंतर तुमचं डोकं दुखायला लागलं.

पित्त! दुसरं काय असणार? आपल्याकडे डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं की पित्तच. तुम्ही कपाळाला सुंठ लावलीत, आवळासुपारी चघळलीत, डोक्याला फडकं बांधून पडून राहिलात. मंदार म्हणाला, हवा बदलली की होतं असं. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, झोपायला वरच्या मजल्यावर, त्यामुळे आम्हाला काहीच होत नव्हतं. म्हणजे सकाळी उठताना डोकं जड असायचं, पण ते मी तुमच्या खात्यावर टाकून मोकळी व्हायचे. सासू घरात असली की जड व्हायचंच!

खिडक्यांच्या काचा आतून घामेजायला लागल्या होत्या. तुमच्या खोलीतल्या सगळ्यात जास्त. त्यावरून मी तुम्हाला बोलले, "आई, कुकर लावताना पंखा लावत जा ना, किती वाफ कोंडते घरात." तुम्ही दुसऱ्या दिवशी जुना टॉवेल घेऊन सगळ्या काचा पुसून ठेवल्यात. संध्याकाळी त्या पुन्हा ओल्या होत्या.

संक्रांतीला बेलव्ह्यूला इथल्या मराठी मंडळाचं जेवण होतं. तिथे तुम्ही दोन गुळपोळ्या खाल्ल्यात, ओळख नसलेल्या बायकांशी गप्पा मारल्यात. "आज डोकं कसं हलकं वाटून राहिलं!" असं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. घरापासून लांब, तीन तासांत हलकं! देवाने याहून स्पष्ट करून काय सांगायचं होतं मला?

पण मला दुसरंच ऐकू आलं. परतताना गाडीत मी मंदारला म्हणाले, "See? The minute she leaves my house, she's fine. पित्त नाहीये ते. It's me."

"Come on, यार. Not now," मंदार म्हणाला.

वाईट बोलायचं ते इंग्रजीत, ही आमची इथली सवय. पण शाळेच्या ऑफिसात तुम्ही आयुष्यभर इंग्रजी पत्रं टाइप केलीत हे मी विसरले नव्हते. खरं सांगू? तुम्हाला कळावं म्हणूनच बोलले.

त्या दिवसानंतर डोकं दुखतं असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. अहो, भांडायचं होतंत ना माझ्याशी! 'होय, दुखतं, तुझ्या घरात दुखतं' असं ठणकावून सांगायचं होतंत. नागपूरच्या ना तुम्ही? नेमक्या तेव्हाच कशा गप्प बसलात?

मग तो गुरुवार. बाहेर कडक थंडी पडली होती. दुपारी मी ऑफिसातून फोन केला, तुमचा आवाज पेंगल्यासारखा येत होता. "काही नाही गं, पडते जराशी. थंडी वाजून राहिली."

"मग दांडी वर करा ना, आता येते की तुम्हाला," मी म्हणाले. "ऐंशीवर न्या आणि पांघरूण घेऊन झोपा." इथले फॅरनहाइटचे ऐंशी, म्हणजे आपले सत्तावीस.

तुम्ही "बरं" म्हणालात. माझं ऐकलंत. सगळ्या सहवासात वाद न घालता ऐकलंत ते हे एवढंच.

साडेपाचला मी दार उघडलं तेव्हा घर छान उबदार होतं. काचांवरून पाणी ओघळत होतं. फर्नेसचा आवाज चालूच होता. तुम्ही कुशीवर झोपला होतात आणि तुमचे गाल गुलाबी दिसत होते, इतके की मला वाटलं, अखेर बाईंना ऊब मिळाली. मी आधी चहा टाकला, आई. मग तुम्हाला उठवायला आले.

अग्निशामक दलाची माणसं आली, त्यांच्या हातातलं यंत्र दारातच ओरडायला लागलं. त्यांनी मला बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला. कार्बन मोनॉक्साइड, म्हणाले; आगीला हवा कमी पडली की तयार होणारा विषारी वायू. त्याला ना वास, ना रंग. आमच्याकडे धुराचा अलार्म होता, या वायूचा नव्हता. असा वेगळा अलार्म मिळतो हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीस येणार होता. त्याच्या आधी, तुम्हाला नेसवायला साडी हवी म्हणून मी एकटी घरात गेले. फर्नेसच्या खोलीचं दार उघडं होतं. जाळीतलं पोपटी टोक मला दिसलं, आणि त्या क्षणी सगळं कळलं. डोकेदुखी, काचा, बेलव्ह्यू, सगळं. मी साडी ओढून काढली आणि पर्समध्ये कोंबली.

तासाभराने तो तपासणीस जाळीपाशी वाकला. "Was this open, just like this?"

"Yes," मी म्हणाले. "Always."

त्याने बरीच पाहणी केली. म्हणाला, ज्योत नीट जळत नव्हती, फर्नेस न थांबता चालली होती, नक्की का ते सांगता येत नाही. तेव्हा मंदारने विचारलं, "Could it be the thermostat? मी बसवला. I did it myself." त्या माणसाने खांदे उडवले. "Hard to say." बस्स, एवढंच. त्या तीन शब्दांवर तुमचा मुलगा आजवर स्वतःला फाशी देतो आहे.

आणि मी त्याच्याशेजारी उभी होते!

तो आता घरातला बल्बसुद्धा बदलत नाही. सईच्या पाळण्याचे स्क्रू शेजारच्या काकांकडून पिळून घेतले. ती झोपली की दर थोड्या वेळाने तिच्या नाकापाशी बोट धरून बसतो. पाच अलार्म लावून घेतलेत, तरी. नवी फर्नेस आली तेव्हा तो अंगणात उभा राहिला, आत आला नाही. पुढच्या आठवड्यात कुणीतरी थर्मोस्टॅट बसवून जाईल, हीट सुरू होईल, आणि मग मंदार या घरात झोपू शकेल असं मला वाटत नाही. काल त्याने पार्किंगमध्ये विचारलं, "तू आणि सई तुझ्या भावाकडे राहाल का? माझ्यापासून लांब?" त्याचा चेहरा पाहून मला भीती वाटली, आई. खरीखुरी भीती.

आता शेवटचं. वर मी लिहिलं आहे की साडी पाहिली आणि वर निघून आले. ते पूर्ण खरं नाही. तुम्ही घडी बसवली होती, पण गुडघ्यांमुळे तुम्हाला नीट वाकता आलं नसणार. एक कोपरा सैल राहिला होता आणि तिथून वारा येत होता. मी धुण्याची बादली खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले आणि तो कोपरा बोटांनी आत सारला. चांगला घट्ट. हाताला वारा लागेनासा झाला तेव्हाच उठले.

साडी माझ्या बॅगेच्या तळाशी होती. आज काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे, तुमच्या त्या कुंकू लावलेल्या डबीशेजारी. सहाला मंदार येईल. त्याने बूट काढायच्या आत सांगणार आहे. तुमच्या घडीचं आणि माझ्या कोपऱ्याचं, दोन्ही. नुसतं तुमच्यावर ढकलून मोकळी होणार नाही, हा माझा शब्द. त्यानंतर तो या घरात राहील की नाही, मला ठेवील की नाही, ते त्याचं तो ठरवील. राहिला, तर नवा थर्मोस्टॅट त्यानेच बसवायचा आणि टॉर्च मी धरीन. हात हलला तरी धरीन.

काचा आत्ताच पुसून पाहिल्या. कोरड्या आहेत.

तुम्ही म्हणू दिलंत तर तुमचीच,
मेधा