आगळाच्या ओळीतली काळी बाटली

१२ नोव्हें.
जारला नळ बसला, गळत नाही. सलाइनची नळी पाण्यात सोडलीय, बुडबुडे सुटतायत. माझी पहिली स्टाउट, घरची काळी बिअर! जव तव्यावर भाजताना दोनदा करपले, पण बिअरला काळा रंग यायचा तो त्यातूनच. आई: "ह्या काय उकळतंस रे?" शाळेचा प्रयोग, म्हटलं. विज्ञानाचा मास्तर असल्याचा एवढाच फायदा.

२८ नोव्हें.
भरली. चौदा बाटल्या. बुचं ठोकायचं यंत्र अजून आलेलं नाही, म्हणून आगळाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरल्या, त्यांची बुचं हातानेच दाबून बसतात. मुळात बिअरच्याच त्या, आमच्याकडे कोकमाचं आगळ, तो खारवलेला काळपट रस, दुसऱ्या कशात भरतात? माळ्यावर आगळाच्याच ओळीत लावल्या. कोणाला संशय नको. काय ती हुशारी माझी!

६ डिसें.
आई जेवताना सहज म्हणाली, "बाबलाकडचा आगळ संपला. एक बाटली दिलंय." हातातला घास ठेवून माळ्यावर. आगळ जितकं होतं तितकं. माझ्यातली एक कमी.
बाबल, माझा धाकटा चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला देवळात नेऊन दारू सोडायला लावली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं तेव्हा "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो.
संध्याकाळी जाऊन सांगतो.
गेलो नाही.

७ डिसें.
बाबलची बायको सुमन रडत आली. त्याच्या तोंडाला वास. विचारलं तर बोलत नाही. "दादानू, तुमच्यासमोर देवाक शब्द दिल्यानी ना? आता मी पोरांक घेवन म्हायेराक जातंय."
मी काय बोललो? "बघतो, समजावतो त्याला." समजावतो म्हणे! जीभ कशी झडली नाही.
आई दिवसभर त्याला शिव्या घालतेय. "मेल्यान देवाकय फसवल्यान." मी खाली मान घालून भात कालवत होतो. शी! लिहितानाही लाज वाटते.

८ डिसें.
सुमन गेली. पोरं पण. शाळेत दिवसभर काय शिकवलं, देव जाणे.

९ डिसें.
बंदरावर गेलो. बाबल एकटाच जाळं विणत होता. सगळं सांगितलं. बिअर, बाटली, माझं गप्प बसणं. "चूक माझी रे. सुमनक आज फोन करून सांगतंय."
त्याने वर बघितलंच नाही.
"दादा, पयल्याच घोटाक कळला माका, ह्या आगळ न्हय. ओतून टाकूक व्हयी हुती. सगळी प्यालंय."
मग जाळ्याची गाठ ओढत त्यानेच, अगदी हळू आवाजात, "अजून आसत?"
"नाय."
त्याला पटलं नाही. मलाही त्याच्याकडे बघवेना, तसाच उठून आलो.
घरी येताच मोरीत ओतायला बसलो. पहिली उघडली. फेस असा वर आला की हात थांबला. एक घोट घेतला. चांगली झालीय. मेल्या, खरंच चांगली झालीय!
बूच परत लावलं. तेराच्या तेरा माळ्यावर आहेत. सुमनला फोन अजून केलेला नाही.