उसन्या लॅपटॉपची पाठवणी

सानगडी,
सोमवार

प्रिय शालू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझ्या आईचे गुडघे पोळ्यापासून रुसले आहेत, पण तोंड पूर्वीसारखंच चालतं, म्हणजे काळजीचं काही नाही. बंगलोरला पत्र पोचेपर्यंत दिवाळी तोंडावर येईल. हलका धान कापून झाला, खळ्यावर भाऱ्यांचे पुंजणे लागले, आणि भाऊबीजेनंतरच्या आपल्या मंडईच्या जत्रेसाठी गावात आत्तापासूनच दंडारीच्या नाचगाण्याची तालीम सुरू आहे. लागोपाठ तीन मंडया तुझ्याविना गेल्या. हे मी आठवण म्हणून लिहितोय, तक्रार म्हणून नाही.

तुझ्या कॉलेजच्या वेळचा तो जुना कॉम्प्युटर दसऱ्याच्या आधी जळका वास सोडून बंद पडला, हे तुला ठाऊकच आहे. भंडाऱ्याला मनिषच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर पार्ट नागपूरहून यायचा होता. तोवर चालवा म्हणून त्याने दुकानातला एक लॅपटॉप दिला. मोबाईलवर भागलं असतं, पण त्या एवढ्याशा काचेत गुड्डीचं नाक कुठलं नि गाल कुठला ते तुझ्या आईला कळत नाही. नातीला बारशात मांडीवर घेतलं तेवढंच, पुढचं सगळं तिने पडद्यावरच पाहिलंय. म्हणून मी तो लॅपटॉप थैलीत घालून, एसटीत मांडीवर धरून आणला. धक्का लागेल म्हणून साकोलीपर्यंत हात काढला नाही.

दसऱ्याला तुझ्या आईने विळे, कुऱ्हाड, आपल्या दुकानाचा तराजू यांच्या ओळीत त्यालाही पाटावर बसवलं. दुसऱ्याची वस्तू आहे, जरा जपून, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "घरात आला थो घरचा." झाकणावर टिळा लावला असता तर ठीक होतं, पण बाईने तो उघडून थेट बटणांवर हळद-कुंकू वाहिलं. तेव्हापासून त्याचं एक लांब बटण दाबलं की कर्रकर्र वाजायचं. मनिषला काय सांगू या चिंतेत मी, आणि ही मात्र खूश.

खूश असणारच. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात बसलेला, त्यातून तुला आपल्या घराची एक भिंत, एक कॅलेंडर आणि आमची दोन डोकी दिसायची. लॅपटॉप पाहिल्याबरोबर तू म्हणालीस, "बाबा, उचला न, मले घर दाखवा." मी तुला दोन्ही हातांवर घेऊन निघालो. रांधणीतली चूल दाखवली. तू उंची मोजायचीस ती चौकटीवरची रेघ दाखवली, घरामागच्या सांदवाडीतला पेरू दाखवला. तुला पुढे तलाव पाहायचा होता, पण पेरूपाशी इंटरनेट संपलं. एक पाऊल मागे घेतलं की तू हलायचीस, पुढे टाकलं की तोंड उघडं ठेवून थांबायचीस. किती वेळ मी तिथेच मागेपुढे करत होतो. पाहणाऱ्याला वेडा वाटलो असेन. नंतर आईने तुला रांधणीत शेजारीच ठेवून घ्यायला सुरुवात केली. तुझं तिकडे ऑफिस चाले, इकडे ही भात वैरी, आणि दोघी काही बोलत नसतानाही मला घर भरल्यासारखं वाटायचं.

मागच्या रविवारी तिने मंडईचं विचारलं. तू हसून म्हणालीस, "आई, आता तं रोजच घरी आल्यावानी वाटते. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पक्कं." तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. नोकरी आहे, लहान लेकरू आहे. आईही "हो बापा" म्हणाली आणि हळूच झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "हे वापस करून या." आपला अजून दुरुस्त झाला नाही, असं मी म्हटलं. "नसू द्या. याच्यानं तिले घरी आल्यावानी वाटते, तं मंग येईन कायले?" तिने तो पदराने पुसला, झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं, आणि थैलीत नव्या धानाचे मूठभर तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी घातली. हे कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, "मायेरून रिकामी धाडू काय?" भंडाऱ्याला लॅपटॉप थैलीतून काढताना तांदूळ मनिषच्या काउंटरवर सांडले. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि बटणाचं काही बोललाच नाही.

हे पत्र तिला माहीत नाही. फोनवर सांगितलं असतं तर रांधणीत ऐकू गेलं असतं. आपण बोलावून पोरगी आली तर ते येणं नव्हे, असा तिचा हट्ट आहे. काल मनिषचा फोन आला, कॉम्प्युटर तयार आहे. सवडीने नेतो म्हणून सांगितलं. पण शालू, सगळं आईच्या नावावर खपवणं बरं नाही. त्या दिवशी भंडाऱ्याहून परतताना माझ्या मांडीवर काही नव्हतं, तरी साकोलीपर्यंत मी हात तसेच धरून बसलो होतो. मला तुझी फार आठवण येते. मंडईला ये. मी साकोलीच्या स्टँडवर उभा राहीन. तिथून सानगडीपर्यंत गुड्डीला माझ्या मांडीवर दे.

तुझेच,
बाबा