पेटीतली ऊब

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही मजेत असशील, असायलाच हवास.

आधी बागेची खबर. ओढ्याकडची जुनी कोकोची झाडं, जी तू सरपणालाही नकोत म्हणाला होतास, ती यंदा फळांनी लगडलीत. आपल्या चॉकलेटची पहिली दोनशे वेष्टनं मी हाताने चिकटवली. बोटं अजून चिकट आहेत, म्हणून अक्षर असं.

तू नोकरी करतोस त्या कारखान्याचं नवं चॉकलेट दुकानात दिसलं, घेऊन आले. आबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी मला वेष्टनावरचं मोठ्याने वाचायला लावलं. ‘बिया पेटीत आंबवताना कोपर खुपसून ऊब बघायची, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तशी.’

माझी जीभच अडखळली. हे वाक्य माझं आहे रे! आबा करून दाखवतात, बोलत नाहीत. शब्द मी शोधले. आई गेल्यावर तुला न्हाऊ घालताना हेच कोपर पाण्यात बुडवायचे मी. "तिथे फक्त यंत्रं दुरुस्त करतो, आबांना सांगू नकोस, चिडतील," म्हणालास, नाही सांगितलं. मग प्रत्येक पत्रात एकेक विचारत गेलास, पेटी कधी उलटायची, वर पानं कसली. आणि मी वेडी, पोराला घरची ओढ लागली म्हणून पानंच्या पानं लिहीत बसले. केसाने गळा कापलास.

आबांनी तुकडा चघळला. "चांगलं शिकवलंय कुणीतरी," एवढंच म्हणाले.

बिया किती भाजायच्या, असं या खेपेला विचारलं आहेस. मला येत नाही असं समज.

एक सांगायचं टाळत होते. दुसऱ्या दिवशी आंबवायच्या खोलीला आतून कडी होती. दार वाजवलं तर आबा म्हणाले, "तू बाहेरच थांब." वेष्टनावरचं ते कोपराचं वाक्य घरात रोज मीच म्हणते. गुपित मी विकलं, असंच त्यांना वाटणार.

तुझं नाव मी घेतलं नाही. फळं उतरवायला तू येशील म्हणून ते शिडीच्या पायऱ्या बदलत बसलेत. दोन्ही मुलं एकदम कशी गमवायला लावू त्यांना?

खरं काय ते येऊन तूच सांग. तोवर मी दाराबाहेर उभी आहे.

अजून तरी तुझी,
ताई