आधी बायकांची पंगत

वैशाखरे
२० जुलै १९९९

प्रिय रंभाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडे आई खुशाल, बैल खुशाल. बाबा रागात आहेत, पण तब्येत उत्तम. माझं कॉलेज ठीक आहे. त्याचं पुढे लिहितो.

यंदा समाजशास्त्र घेतलंय. सर म्हणतात, आपण जन्मायच्या आधीच भूमिका वाटून ठेवलेल्या असतात: हुकूम कोणी सोडायचा, भाकऱ्या कोणी भाजायच्या. रीत एरवी दिसत नाही, मोडली की दिसते. म्हणून प्रत्येकाने घरातली एक रीत मोडायची आणि लोक काय करतात ते लिहून आणायचं. मुरबाडच्या पोरांनी चपला घालून घरात फिरून भागवलं. माझीच अक्कल गहाण पडली.

गेल्या आठवड्यात आपली आवणी होती. भात लावायला अर्धी आळी आलेली. दुपारी पुरुष ओटीवर पंगतीला बसले. मी कालवणाचा टोप उचलला आणि सरळ आत बायकांना वाढायला लागलो. आईलाही हाताला धरून बसवलं. शेजारची धोंडीकाकू ओरडली, "गो बाय, पोराला वारं लागलं!" ताट मात्र तिने पुढेच केलं. सुकटीचं कालवण, गरम भाकर. बायका जेवल्या त्या जेवल्याच! ओटीवर पोचेपर्यंत टोपात नुसता रस्सा आणि टोपलीत गार भाकऱ्या.

पुस्तकात दोन मतं आहेत. एक म्हणतं, प्रत्येक रीत समाजाच्या उपयोगाची असते. दुसरं विचारतं, कोणाच्या उपयोगाची? बाबा पहिल्या मताचे निघाले, हातात दांडकं घेऊन. सामाजिक नियंत्रण म्हणजे काय, ते आता मला पाठ आहे.

तेव्हापासून अबोला. आणि लिहूनच टाकतो, कॉलेज बंद केलंय माझं. "बायकांना वाढायला शिकवतात तिथं? नाय जायचं," एवढंच बोलले. मला शिकायचंय गं ताई. तुझं ऐकतात ते. तू आटगावहून दोन दिवस ये.

पत्र काल इथवर लिहून ठेवलं होतं, आणि रात्री आई नेहमीसारखी सगळ्यांच्या मागून जेवायला बसली आणि बाबा दारात उभे राहून तिच्या ताटात बघायला लागले.

"भाकर गार हाय ना?"

"रोजच असते," आई म्हणाली. "तुमी त्या दिवशी एकदाच खाल्ली."

बाबा निघून गेले. आज सकाळी तिलाच म्हणाले, "त्याला सांग, कॉलेजात जायचं तर जेवून जा." ती वाढायला उठली तर तिच्यावरच खेकसले, "तू कुठं चाललीस? तू पन बस!"

मग भाकऱ्या कोण भाजणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. शेवटी मीच तव्याशी गेलो. एक कच्ची राहिली, एक करपली. करपलेली बाबांनी आपल्या ताटात ओढली आणि संपवली.

ताई, ये तू. भांडायला नको, जेवायला ये.

तुझा, बोटं भाजलेला,
मनोज