पाण्यातली शेवटची पायरी

सोलापूर,
ता. १७ एप्रिल १९२९

चि. गंगाधर यास अनसूयाताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. सौ. रुक्मिणीचे दिवस भरत आले असतील, तिला जड उचलू देऊ नकोस. इकडे ऊन फार आहे. एवढे कुशल शांतपणे लिहिता आले, आता पुढचे तसे लिहिता येणार नाही.

तुझी मालती इस्पितळात आहे त्याला आज एकवीस दिवस झाले. तू एकदाही आला नाहीस. वैरागच्या बाजाराला मात्र दोनदा जाऊन आलास, हे गाडीवाल्याकडून कळले. तिचा गुडघा वाकलेला आहे तो वाकलेलाच आहे. डॉक्टर मकदूम रोज सकाळी स्वतः तो हळूहळू सरळ करून पाहतात, आणि ती ओरडू नये म्हणून माझ्या पदराचा बोळा दातांत धरते. अकरा वर्षांची पोर. पाय पूर्वीसारखा होईल का, असे मी विचारले. ते म्हणाले, "बाई, खोटं सांगून तुम्हाला बरं वाटणार असेल तर सांगतो."

नारूचा जंत तिच्या पायातून आपणहून बाहेर येत होता. वैदू काडीला गुंडाळून रोज दोन बोटे काढत होता. आपल्या घरी कामाला असलेल्या मल्लव्वाने तुला बजावले होते, "मालक, घाई करू नगा. तुटला तर आत पिकतोय, पाय जाईल पोरीचा." पण अष्टमीला पाहुणे मुलगी पाहायला यायचे होते. लंगडत समोर आली तर कसे दिसेल? तू वैदूला म्हणालास, "किती दिवस खेळतोस, ओढ एकदाचा!" आणि तो आतच तुटला. हे मला मालतीनेच सांगितले. तक्रार म्हणून नाही, तुझ्या आवाजाची नक्कल करून. शेजारच्या खाटेवरच्या बायका खूप हसल्या. मला हसू आले नाही.

तरी हे पत्र त्यासाठी नाही. झालेल्याबद्दल भांडून गुडघा सरळ होत नाही. परवा लोकल बोर्डाचे बांधकाम पाहणारे ओव्हरसियर हिंदुराव यांनी, विहिरीच्या पायऱ्या बंद करू नयेत म्हणून तू बोर्डाला केलेला अर्ज मला दाखवला. अक्षर किती वळणदार! मीच गिरवून घेतले होते. विहीर आबांनी पुण्यार्थ बांधली, पायऱ्या बंद केल्यास पाण्यातल्या आसरांचा कोप होईल, गावात नारू कधी नव्हता, तो वडारांनी आणला, त्यांस विहिरीची बंदी केली आहे, सबब बांधकामाचे कारण उरले नाही. खाली सतरा सह्या आणि नऊ अंगठे.

शाबास! बांधाचे दगड फोडायला दिवाळीत वडार आले तेव्हा त्यांना पाणी भरू दिलेस, आणि आता त्यांच्या बायका अर्ध्या कोसावर ओढ्यात झरे उकरीत बसतात. कशाच्या आधारावर? त्यांच्यापैकी एकाच्याही पायाला नारू नाही. डॉक्टरांनी पालावर जाऊन एकेकाचे पाय पाहिले. तू पाहिलेस का?

पाण्यातल्या जीवांचा अभ्यास करणारे कमलाकरपंत पुण्याहून भिंग घेऊन आले, तेव्हा चारचौघांत तू त्यांना काय म्हणालास तेही ऐकले. "राज्य गेलं, आता ब्राह्मणांनी पाण्यातले किडे मोजायचे!" गाव हसले. तुला नेहमीच गाव हसलेले पुरते.

ते किडे मी पाहिले आहेत, गंगाधर. काचेवर पाण्याचा एक थेंब, आणि त्यात पिसूसारखा टुणटुणणारा एक जीव. नुसत्या डोळ्याला तो जेमतेम ठिपका दिसतो. पंत म्हणाले, "याच्या पोटात नारूचं पिलू आहे. हे पाणी जो पिईल त्याच्या अंगात ते वर्षभर वाढेल." डॉक्टरांना नारू माणसाच्या अंगातला माहीत, पण पाण्यातला पाहायला पंत लागले. पंतांना पिसू माहीत, पण विहिरीत उतरल्याशिवाय पाणी कसे काढायचे हे हिंदुरावांना विचारावे लागले. आणि त्या तिघांना एकत्र आणले मी शिकवते त्या सोलापुरातल्या शाळेच्या हजेरीपटाने. उन्हाळ्यात पायाच्या दुखण्याने घरी बसणाऱ्या मुली एकाच पेठेतल्या, एकाच पायविहिरीवरच्या, हे मला दिसले आणि मी पट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाईमाणसाला हसून वाटेला लावले नाही, टिपणे मागून घेतली. तू म्हणतोस, डॉक्टरने औषध द्यावे, विहिरीत नाक कशाला खुपसावे? अरे, नारूला औषधच नाही! विहीर हेच त्याचे औषध.

वरच्या सात पायऱ्या तशाच राहणार आहेत. खालच्या चार पायऱ्यांपुढे भिंत येईल, वर कठडा आणि रहाट. आसरांचा कोनाडा वर आणता येईल, हिंदुरावांनी नकाशात तो काढूनही ठेवला आहे. म्हणजे देवींना काही कमी पडत नाही. कमी पडते ते फक्त तुझ्या शब्दाला.

इथे लेखणी दोनदा खाली ठेवली. आता लिहितेच.

पंतांनी माझ्यासमोर दिवस मोजले. तुमच्या गावात या फाल्गुनापर्यंत नारू नव्हता, मग एकदम चौदा जणांना झाला, म्हणजे गेल्या वर्षीच्या पाडव्याच्या सुमारास नारू झालेलं कोणीतरी त्या विहिरीच्या पाण्यात उतरलं असलं पाहिजे, असे ते म्हणाले. मला विचारले, "बाई, तुमचं माहेर ते, कोण होतं आठवतं का?" मी म्हटले, नाही.

गेल्या वर्षी पाडव्याला मी आले होते, तुला आठवत असेल. डाव्या घोट्याला फोड होता. मी चप्पल लागली असे सांगितले. सासरच्या गावचे पाणी मला बाधले होते, आणि नारू झाला म्हटले की तू स्वयंपाकघरात येऊ देणार नाहीस, हे मला ठाऊक होते. फक्त मल्लव्वाला कळले. ती मायेने म्हणाली, "बाई, पाण्यात पाय धरून बसा की. लई गार वाटंल, आन् नारू पाण्याला भुलून भाईर येतोय." सगळ्याच बायका असे करतात. मी तीन सकाळी शेवटच्या पायरीवर पाय बुडवून बसले. खरेच गार वाटले. पाण्यात पांढरट ढगासारखे काही उतरताना मी डोळ्यांनी पाहिले.

मालती माझ्याजवळ बसली होती. घागर भरून झाल्यावर ती माझ्या पायाजवळूनच ओंजळीने पाणी प्यायली. मी तिला म्हटले, सावकाश, ठसका लागेल.

तर वडारांनी नाही. मी. तुझ्या सख्ख्या बहिणीने, आबांच्या लेकीने आणला. अर्जात तेवढी दुरुस्ती कर.

काल डॉक्टर आणि पंत दोघांना हे सांगितले. पंतांनी वहीत ते लिहून घेतले. आज सकाळी मालतीला सांगितले. तिला कळले. तोंड भिंतीकडे फिरवून पडली, माझ्या हातची पेज घेतली नाही. दुपारी शेजारणीच्या हातून घेतली. संध्याकाळी माझ्याकडे न पाहताच विचारले, "आई आसरांची ओटी घेऊन खालच्या पायरीवर जाईल का गं, बाळ झाल्यावर?"

मी म्हटले, जाईल. तशी रीत आहे. परतताना तीर्थ म्हणून घोटभर पिईल.

"मग बाबांना सांग ना."

सांगते आहे. विहीर तुझ्या नावावर आहे, लेकीची सही तिथे चालत नाही. चालत असती तर हा कागद वाया घालवला नसता. संमतीचा कागद सोबत पाठवला आहे. सोमवारी हिंदुराव गवंडी घेऊन गावात येतील, मीही येईन. चावडीवर, ज्यांनी सह्या केल्या आणि अंगठे उठवले त्या सगळ्यांपुढे, वडारांनाही बोलावून, मी पाडव्याचे सांगणार आहे. तू थांबवू नकोस. ज्या आयांची पोरे अंथरुणावर आहेत त्यांनी मला काय म्हणायचे ते म्हणू दे. तोवर प्यायचे पाणी दुपदरी धोतरातून गाळून घ्या, एवढे तरी ऐक.

पाण्यात पाय घातला तेव्हा मला काही माहीत नव्हते. तुला आता सगळे माहीत आहे.

तुझी, आणि मालतीच्या पायाची अपराधी,
अनसूया