चौथ्या हालचालीपर्यंत

गोरखी, लष्कर, ग्वाल्हेर

चि. (आणि गुरुवर्य) अवंतिका हिला,

मायना लिहिण्यातच अर्धा तास गेला. पुतणी म्हणून अनेक आशीर्वाद लिहावेत, तर तू माझी गुरू. गुरू म्हणून साष्टांग नमस्कार लिहावा, तर तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्लेल्या. शेवटी दोन्ही पाठवतो आहे, हवं ते ठेवून घे. इंदूरला तुझी तब्येत बरी आहे ना? खांद्याचं दुखणं थांबलं का? माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या काकूच्या गुडघ्यांनी मात्र हल्ली पुन्हा डोकं वर काढलंय, आणि त्याविषयी ती चकार शब्द बोलत नाही.

पत्राचं कारण म्हणजे तुझे आभार मानायचे आहेत. फोनवर ते होत नाही, मला मध्येच गहिवरून येतं आणि तुला वाटतं रेंज गेली. तुला आठवत असेल, जानेवारीत इंदरगंजच्या चौकात दोन पोरं मोटरसायकलवरून आली आणि माझी पिशवी ओढून गेली. पिशवीचं काही नाही (आत एक मफलर आणि लाइटचं बिल होतं), पण मी जो खांबासारखा उभा राहिलो तो उभाच राहिलो. त्यानंतर एकट्यानं दाराबाहेर पडायचं म्हटलं की पाय जिन्यातच थांबायचे. चौसष्टाव्या वर्षी बायकोचा पदर धरून दूध आणायला जाणं कसं वाटतं ते तुला सांगून कळायचं नाही. ध्रुवनं तर ठरवूनच टाकलं, बाबा एकटे निघू शकत नसतील तर दिवाळीला दोघांनी कायमचं नोएडाला यायचं. तिथं अठराव्या मजल्यावर मी काय करू? माझं सगळं आयुष्य नई सडकेवर वाणसामान घेण्यात गेलंय.

अशात तू मे महिन्यात कराटेच्या शिबिरासाठी आलीस आणि सकाळी गच्चीवर मला तो काता शिकवलास, एकवीस हालचालींची ती माळ. मी आपला हातपाय मोकळे होतील म्हणून करत होतो. पण तू प्रत्येक हालचालीचा उपयोग सांगितलास. खाली आलेला हात लाथ अडवायला, वर गेलेला डोकं वाचवायला, कमरेशी ओढलेली मूठ दिसायला रिकामी असली तरी समोरच्याचा हात धरून ओढणारी. आणि चौथी हालचाल, कुणी उजवं मनगट धरलं तर झटक्यात ओढून घ्यायचं आणि गोल फिरवून मूठ वरून आपटायची. मला हे फार आवडलं. आपल्याकडे विधी सगळे पाठ असतात, कशाला करतो ते विचारायची सोय नसते.

तर गेल्या महिन्यात, तुझं स्मरण करून, मी एकटा बाहेर पडलो. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, मग दुधापर्यंत, असं करत अकराव्या दिवशी नई सडकेवर पूजेच्या सामानाच्या दुकानाशी पोचलो. जानवीजोड आणि सुपाऱ्या घ्यायच्या होत्या. तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ आडवे आले. साध्या कपड्यातले पोलीस आहेत म्हणाले. पुढे लूटमार झालीय, अंगठी उतरवा आणि या कागदाच्या पुडीत ठेवा म्हणाले. मी म्हटलं ओळखपत्र दाखवा. त्यावर त्यांनी माझं उजवं मनगटच धरलं.

आता इथे खरं म्हणजे चौथी हालचाल करायची. मला ती समोर स्वच्छ दिसत होती. पण अवंतिका, आपलं घराणं पुरोहितांचं. कुठल्याही स्तोत्राचा मधला श्लोक विचार, मला पहिल्यापासून म्हणत आल्याशिवाय तो सापडत नाही. तसंच झालं. मी आधी पाय जुळवून त्यांना वाकून नमस्कार केला (त्यांना वाटलं, पोलिसांना मान देतोय, ते खूशही झाले). मग तू शिकवलंस तसं कात्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं. मग डावीकडे वळून पहिली हालचाल. त्यात डावा हात खाली आला तो दुकानाबाहेरच्या नारळांच्या टोपलीवर. दुसऱ्या हालचालीत उजवा ठोसा पुढे मारायचा, पण उजवा हात त्यांच्याकडे असल्यामुळे ठोशाबरोबर तेही पुढे आले. तिसरीत मी गर्रकन मागे वळलो, तेव्हा ते माझ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून पलीकडे गेले. आणि मग आली चौथी. ओढलं, फिरवलं, आपटलं. हात सुटला! तू म्हणाली होतीस तसा, तिळभर इकडेतिकडे नाही. गृहस्थ नारळांवरून घसरून बसले, उठले आणि पुडी टाकून पळाले.

पण मला थांबता येईना. उरलेल्या सतरा हालचाली भर बाजारात पूर्ण केल्या, आरोळ्यांसकट. एका पिवळ्या ई-रिक्षाचा चालक रस्ता मोकळा व्हायची वाट बघत थांबला होता. शेवटचा नमस्कार झाल्यावर दुकानदारानं हात जोडून विचारलं, "बाबूजी, ये कौन से देवता की पूजा है?" मी म्हटलं, हमारी भतीजी की. त्यानं पडलेले नारळ स्वतःच गोळा केले आणि एक मला प्रसाद म्हणून दिला.

पोरी, या वेळी मी खांबासारखा उभा राहिलो नाही गं. चुकलो असेन, उशीर केला असेन, पण गोठलो नाही. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझा शिष्य आणि काका,
गोविंद

ता. क. ध्रुवचा फोन आला तर त्याला फक्त चौथी हालचाल सांग. पहिल्या तीन सांगू नकोस.

ता. क. २. एक गोष्ट वर लिहिली नाही. तिसऱ्या हालचालीत मागे वळलो तेव्हा बांगड्यांच्या दुकानाआडून छत्री उगारून धावत येणारी तुझी काकू दिसली. म्हणजे ते गृहस्थ माझ्या मुठीला भ्याले की छत्रीला, हे नक्की सांगता येत नाही. अकरा दिवस ती माझ्यामागून चालत होती आणि मी छाती काढून पुढे! मी बघितलं हे तिला कळलेलं नाही, लगेच आडोशाला गेली. अजूनही रोज येते. तिचे गुडघे बघता हे बरं नव्हे. तेव्हा खरं काम हे, की मला एखादा पट्टा आणि उत्तीर्ण झाल्याचा कागद पाठव, म्हणजे तिची खात्री पटेल आणि ती घरी बसेल.

अवंतिका, खालचं मी लिहितेय. यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र नेहमीप्रमाणे माझ्याकडेच दिलंय. ध्रुवला मी कालच सांगून टाकलं, आम्ही कुठे जाणार नाही. पट्टा जरूर पाठव, पण दिवाळी होऊन जाऊ दे. चाळीस वर्षांत आम्ही दोघं रोज फिरायला जातोय ते आत्ताच कुठे.
— दुर्गाकाकू