गुडघ्याच्या गोळ्या

आप्पा, आज गुडघा दाखवायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून द्यायच्या आधी रक्तदाब मोजला, पायावर बोट दाबून पाहिलं आणि किडनी तपासायला सांगितली. मी वैतागलोच. "बाई, दुखून राह्यला गुडघा अन् तुम्ही भलतंच काय बघून राह्यल्या?" त्यांनी शांतपणे समजावलं. दुखण्यावरची ही गोळी वर्षानुवर्षं रोज घेतली की किडनी थकते, मग पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, रक्तदाब चढतो, सगळा भार हृदयावर येतो आणि शेवटी दम लागतो. "सोबत कोण आहे?" त्यांनी विचारलं. कोणी न्हाई, म्हटलं.

रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो आणि तुमचे सुजलेले पाय डोळ्यांसमोर आले. मोसंबीचं पान पिवळं पडलं की तुम्ही पानाकडे फार बघायचा नाहीत. कुदळ घेऊन आळं उकरायचात, मुळी नखानं सोलून बघायचात. एकदा मी पिवळ्या पानांवर औषध मारलं तर केवढे तापलात. "दुखणं खाली हाय, अन् तू पानं धुऊन राह्यला? आधी मुळी बघ, मंग पंप उचल." आणि अशा माणसाच्या घरात आम्ही काय केलं? गुडघ्याला गोळी, सुजेला गरम विटेचा शेक, दम लागला तर खोकल्याचं औषध. तुम्ही जाईपर्यंत तीन दुखणी वेगळी धरून बसलो. तुम्हीही कधी म्हणाला नाहीत की जरा खाली उकरून बघा.

गोळ्या मीच आणायचो, दर बाजाराला, तीर्थपुरीहून. "दोनच आण, लई दुखलं तर घेईन," असं तुम्ही सांगायचात. मी आख्खी पाकिटं आणायचो आणि रोज सकाळी चहाबरोबर एक हातावर ठेवायचो. आई शेजारणींना सांगायची, पोरगा बापाचं किती करतो. मी ऐकून घ्यायचो.

माझा रिपोर्ट चांगला आला आहे. हे सांगायला घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. पाठवायचं तर कुठं, या कागदाची घडी रिपोर्टच्याच पाकिटात राहील. एवढंच कबूल करतो, आप्पा, की ती गोळी मी तुमच्या दुखण्यासाठी देत नव्हतो. ती घेतली की तुम्ही उठून बागेला पाणी द्यायला जायचात, आणि मला घरी बसता यायचं.